बाबांची एस्टीम परत आणायची असेल तर इंजिन सगळ्यात शेवटी बघा

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंची हकिगत थोडक्यात अशी. २००२ साली त्यांच्या बाबांनी नवीकोरी मारुती एस्टीम घेतली, एमएच-२९ म्हणजे यवतमाळ पासिंगची. २०१२ मध्ये ताईच्या लग्नाच्या खर्चापायी ती विकावी लागली. बाबा आता नाहीत. मध्यंतरी पुसदकडे एका लग्नात तीच गाडी उभी दिसली, नंबरही तोच. सध्याचे मालक ९०,००० म्हणतात. गाडी परत दारात यावी अशी आईची फार इच्छा आहे. घर दिग्रस तालुक्यातल्या खेड्यात, घरी सध्या फक्त मोटरसायकल, त्यामुळे गाडी घ्यायचीच तर रोज वापरता आली पाहिजे. घ्यावी का?

मी याच जिल्ह्यात गॅरेज चालवतो आणि जुन्या मारुती गाड्यांवरच माझं आयुष्य गेलं आहे. गिऱ्हाईकासोबत जुनी गाडी बघायला जाणं हा तर धंद्याचाच भाग. त्या अनुभवावरून सांगतो.

भाऊ, तुम्ही एका गाडीबद्दल विचारताय, पण तुमच्या प्रश्नात गाड्या दोन आहेत. एक आईला पाहायची आहे ती. दुसरी रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखलं तर पहिल्या सेल्फला चालू होऊन यवतमाळला पोचवणारी. एस्टीम पहिलं काम मजेत करेल. दुसरं काम ती करू शकते, पण त्यासाठी तिच्यावर आधी पैसा आणि नंतर सतत लक्ष घालावं लागेल. त्यात वीस वर्षांवरच्या या गाडीत एअरबॅग नाहीत. घरात चारचाकी नाही आणि हाताशी सगळे मिळून दीडेक लाखच आहेत, अशी परिस्थिती असेल तर माझं उत्तर 'नका घेऊ' असं आहे. तेवढ्यात एखादी बऱ्यापैकी वॅगनआर बघा. आईला वाईट वाटेल, पण दवाखान्याच्या वाटेवर गाडी बंद पडली तर त्याहून जास्त वाटेल. थोडे जास्त पैसे असतील, गाडी ठेवायला पक्कं छप्पर असेल आणि महिना-दोन महिने ती कामावर उभी राहिली तरी अडणार नसेल, तर मात्र विचार करण्यासारखी गोष्ट आहे. पुढचं सगळं त्या हिशेबानं.

आता गाडीबद्दल. मारुती १००० नावाची गाडी आली १९९० मध्ये. तिच्याच सांगाड्यात १.३ लिटरचं इंजिन बसवून १९९४ मध्ये एस्टीम आली आणि २००७ पर्यंत चालली. तुमची २००२ ची, म्हणजे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल देणारी), सोळा व्हॉल्व्हची, ८५ हॉर्सपॉवरची. हे बरं झालं. कार्बोरेटरवाली असती तर मी हे उत्तर इथंच संपवलं असतं.

लोक जुनी गाडी बघायला जातात तेव्हा बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि खूश होतात. विकणाराही तेच दाखवतो, "कायले पाहता भाऊ, इंजन एकदम टकाटक हाये!" एस्टीमच्या बाबतीत इंजिन ही मुळात काळजी करण्याची गोष्टच नाही. हेच १.३ चं इंजिन नंतर जिप्सीत होतं. ताडोब्यात, टिपेश्वरमध्ये सफारीच्या ज्या जिप्स्या फिरतात, त्यांच्या पोटात हेच आहे. त्यामुळे पिस्टन, रिंग, बेअरिंग, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट असा आतला माल आजही मिळतो, आणि मोहर्ली-पांढरकवड्याकडे हे इंजिन डोळे मिटून उघडणारे मिस्त्री आहेत. फक्त जिप्सीत इंजिन उभं बसतं आणि एस्टीममध्ये आडवं, म्हणून बाहेरचे पाइप, मॅनिफोल्ड, माउंटिंग एकमेकांना लागत नाहीत. पण धूर मारणारं इंजिन खोलून बांधून देता येतं, आणि त्याला किती लागतील हे आधी सांगताही येतं.

सडलेल्या पत्र्याचं तसं नाही. एस्टीमचं वजन नऊशे किलोच्या आतबाहेर, पत्रा पातळ. आणि ही चेसीसवर बॉडी ठेवलेली जीप नाही, बॉडी हीच तिची चेसीस. पत्रा गेला की गाडीचा कणाच गेला. म्हणून माझ्याकडे जे येतात त्यांना मी सांगतो की पहिला अर्धा तास गाडी चालूच करू नका. खाली बसा, वाकून बघा.

बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना, जिथं पुढच्या शॉकॲबची वरची टोकं बोल्टनं बसलेली दिसतात, तो गोल भाग बघा. तिथं रंगाला फुगे आले आहेत का, वेल्डिंगचे ठिपके कंपनीचे आहेत की कुणी नंतर पट्टी मारून वर काळा रंग फासलाय, हे नीट पाहा. बोटानं दाबा. पापुद्रा निघाला तर तिथंच नमस्कार करून परत या, आईला काय सांगायचं ते वाटेत ठरवता येईल. मागचं सीट उचला, खालची मॅट वर करा. मॅटखाली ओल असेल, कुबट वास येत असेल, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोअर ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला बद्द वाजतो. डिकीत स्टेपनी काढून त्या खड्ड्यात बघा. दाराच्या खालच्या कडेवर पातळ फडकं ठेवून लोहचुंबक फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. थोडी पुट्टी चालते, वीस वर्षांत दार कुठं तरी घासतंच. मात्र दाराखालची लांब पट्टी, जिथं जॅक लागतो, ती पुट्टीची असेल तर गाडी उचलायलासुद्धा जागा नाही.

डिकीत आणखी एक बघायचं. त्या काळात आपल्याकडे पेट्रोल परवडत नाही म्हणून घरच्या सिलिंडरवर गाड्या चालायच्या, सगळ्यांना माहीत आहे. डिकीच्या फ्लोअरला भोकं, पट्ट्यांच्या खुणा, पुढं जाणाऱ्या नळीची जागा दिसली तर ही गाडी गॅसवर चाललेली आहे. तशा इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट झिजलेल्या असू शकतात, म्हणून इंजिनाचं कम्प्रेशन (आतला दाब) तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका. आणि आरसीवर गॅसची नोंद नसताना किट अजून बसलेलं असेल तर ते काढून घेतल्याशिवाय गाडी हलवू नका.

इंजिन शेवटी बघा म्हणालो, पण त्याच्या आजूबाजूला एक गोष्ट आपल्या भागाची खास आहे, ती म्हणजे पाणी. रेडिएटरमध्ये कूलंटच घालायचं असतं, पण घालतात बोअरचं पाणी. आपल्या जिल्ह्यातलं बोअरचं पाणी किती क्षाराचं आहे ते घरच्या हंड्याच्या बुडाला दिसतंच. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यालाही ते पाणी आतून खातं. मग मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, एसी लावून चढ आला की काटा लाल होतो. म्हणून गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. हिरवं किंवा गुलाबी पाणी दिसलं तर मालक समजदार आहे. तांबूस गढूळ असेल तर रेडिएटर, वॉटर पंप आणि होसपाइपचा खर्च धरा. वर तेलाचा तवंग असेल किंवा ऑइलच्या झाकणाला आतून पांढरट साय लागलेली असेल, तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. ते होतं दुरुस्त, पण किंमत त्या हिशेबानं खाली आली पाहिजे.

बाकी क्लच, एक्सल बूट, लोअर आर्म, बॉल जॉइंट, ब्रेक, ही सगळी झिजणारी वस्तू आहे आणि बदलता येते. टायमिंग बेल्ट मालक कितीही "आत्ताच टाकला" म्हणाले तरी पहिल्याच आठवड्यात नवा टाका. टायरवर चार आकडे एका लंबगोलात असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३२१५ असेल तर तो टायर २०१५ चा आहे, नक्षी कितीही चांगली दिसली तरी फेकायचा.

खरी अडचण कशाची येते सांगू? काचा, मागचे दिवे, बंपर, दाराचे रबर, डॅशबोर्डची बटणं. कंपनीकडून हे आता मिळेल अशी आशा धरू नका. कुर्ल्याचा नाही तर दिल्लीच्या मायापुरीचा कबाडी बाजार, किंवा पार्टसाठी दुसरी मेलेली एस्टीम घेऊन ठेवणं, एवढेच मार्ग. म्हणून समोरची काच आणि मागचे दिवे अखंड असतील तर मी त्याला चांगल्या इंजिनापेक्षा जास्त किंमत देतो.

आता कागद. इथं थोडा वेळ थांबतो, कारण तुमचा व्यवहार फसला तर तो इथंच फसेल.

पहिली गोष्ट, गाडी तीच आहे का. नंबर प्लेट म्हणजे गाडी नव्हे. बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर चेसीस नंबर ठोकलेला असतो. तो पुसून घ्या, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, आकडे कागदावर उमटतात. आरटीओसाठी हीच प्रिंट आम्ही वर्षानुवर्षं काढत आलोय. ती घरच्या जुन्या कागदांशी ताडून पाहा. बाबांच्या काळचं विम्याचं कव्हर, सर्व्हिस बुक, शोरूमची पावती, काही तरी आईच्या ट्रंकेत नक्की निघेल. इंजिन नंबरही बघा. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर पाहिजे.

दुसरी गोष्ट, आरसीवर नाव कुणाचं. सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर नंबर टाकून बघा. आपल्याकडे २९-३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून, किल्ली हातात देऊन गाडी विकायची आणि नाव बदलायचं पुढच्यावर सोडायचं ही जुनी रीत. त्यामुळे गाडी अजून तुमच्या बाबांच्याच नावावर निघाली तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. तसं असेल तर हे आधी कळणं फार महत्त्वाचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की रजिस्टरवर ज्याचं नाव तो कायद्याच्या दृष्टीनं मालक, अपघाताची भरपाईही त्याच्यावर येऊ शकते. म्हणजे इतकी वर्षं ती जोखीम तुमच्या घरावर होती. अशा वेळी नाव बदलतं ते वारस म्हणून, फॉर्म ३१ वर, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून. म्हणजे तुमची आई आणि ताईही सहीला लागतील. सध्याच्या मालकांकडून पैसे मिळाल्याची आणि गाडीवर आता हक्क नसल्याची नोटरी केलेली पावती घ्या. थकलेली ई-चलनं किती आहेत तेही बघा.

आणि हो, कागदावर नाव बाबांचं आहे म्हणून गाडी तशीच ओढून आणू असं कुणी नातेवाईक सुचवेल. तसला विचार करू नका. ती गाडी २०१२ मध्ये पैसे घेऊन विकलेली आहे, त्या पैशातून ताईचं लग्न झालं आहे.

नाव सध्याच्या मालकांचं असेल तर सोपं. फॉर्म २९ आणि ३०, आणि दोन्ही पत्ते यवतमाळ जिल्ह्यातले असतील तर एनओसीची (आरटीओच्या ना-हरकत दाखल्याची) भानगड नाही. मध्ये गाडी एमएच-३७ वाशीमला किंवा मराठवाड्यात कुणाच्या नावावर गेली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आधी. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागेल. बाबांनी तेव्हा कर्ज काढलं होतं का, आईला विचारून ठेवा.

तिसरी गोष्ट, आरसीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तुमची २०१७ मध्ये संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे २०१७ आणि २०२२ अशी दोनदा ती झालेली हवी, आणि पुढची २०२७ ला. झालेली असेल तर अर्धं काम फत्ते. नसेल तर गाडी आरटीओत उभी करून तपासणी, फी, उशिराचा दरमहा ५०० रुपयांचा दंड आणि पर्यावरण कर असं सगळं येतं. वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झाली आहे, आधी ती ५,००० होती. हे सगळं आरटीओत जाऊन लेखी आकड्यात काढून आणा आणि तो कागद मालकांसमोर ठेवा. पन्नास वर्षांखालची गाडी व्हिंटेजमध्ये बसत नाही, त्यामुळे तिकडून काही सवलत शोधू नका.

गावात कुणी तरी म्हणेलच की पंधरा वर्षांची गाडी सरकार उचलून नेतं. ते दिल्लीचं. तिथं पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची अट आली, तीच बातमी इकडे फिरते. आपल्याकडे तपासणीत पास झालेली, नोंदणी चालू असलेली गाडी चालवता येते. एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबर प्लेट मात्र लागेल, ७४५ रुपये अधिक जीएसटी, त्याशिवाय नाव बदलायचं काम पुढं सरकत नाही. विमा थर्ड पार्टीच मिळेल असं धरून चाला, या इंजिनाच्या गाडीला सध्या ३,४१६ रुपये अधिक कर. स्वतःच्या नुकसानीचा विमा एवढ्या जुन्या गाडीला सहसा कुणी देत नाही. म्हणजे ठोकली तर खर्च तुमचा.

गाडी आणल्यावरच्या दोन गोष्टी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. ती चालेल, पण जुने रबरी पाइप आणि सील आधी उत्तर देतील. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला चालणारे टाकून घ्या, हे काम उद्यावर ढकलू नका, पेट्रोल गळून इंजिनावर पडलं की आग लागते. इथेनॉल ओल धरतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची नाही आणि पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या वर ठेवायची. दुसरं, उंदीर. गाडी गोठ्यात किंवा कापसाच्या गंजीशेजारी लावली तर वायरिंग गेलंच समजा. एका गिऱ्हाईकाची गाडी घरात कापूस भरलेला असताना पंधरा दिवस हलली नव्हती. एअर फिल्टरच्या डब्यात सरकीसकट कापसाचं अख्खं घरटं निघालं आणि इंजेक्टरच्या वायरी कुरतडलेल्या होत्या. आठवड्यातून एकदा तरी पाच-दहा किलोमीटर चालवायची, नुसती जागेवर चालू करून बंद करायची नाही.

किमतीबद्दल. ९०,००० जास्त आहेत. पत्रा चांगला, आरसी चालू, नाव सरळ, अशी सगळी पानं जुळली तर माझ्या नजरेत ही गाडी पन्नास-साठ हजारांची. आरसी मेलेली असेल तर कबाडी वजनावर जे वीस-पंचवीस हजार देईल त्याच्या थोडं वर. त्यात टायर, बॅटरी, बेल्ट, पाइप, क्लच, कूलिंग मिळून पन्नास-साठ हजार पहिल्या वर्षाचे बाजूला काढा. रंग काढायचा मोह आला तर ते वेगळे, आणि तो मोह पहिल्या वर्षी आवरा.

लोक सल्ला देतील की मालकांना कळू देऊ नका ही बाबांची गाडी आहे, भाव वाढवतील. पुसद-दिग्रसमध्ये हे लपत नसतं. आडनाव सांगितलं की तो माणूस ओळखेल, आणि आरसीच्या मागच्या पानावर कदाचित बाबांचं नाव असेलच. सरळ सांगा. भाव आरटीओचा कागद आणि लोहचुंबक कमी करतील. मी पाहिलंय, समोरचा बरा असेल तर अशा वेळी तो उलट भावाचं ऐकून घेतो.

पैसे द्यायच्या आधी आईला एकदा त्या गाडीत बसवा. एस्टीमचं सीट खाली आहे. २००२ मध्ये त्या सहज बसत असतील, आज गुडघे काय म्हणतात ते बघा. बसताना-उतरताना त्रास झाला तर 'रोजची गाडी' हा विषय तिथंच संपतो, मग ती फक्त सणावारीची.

जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि मालकांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर चहा घ्या, तासभर थांबा आणि मगच रेडिएटरचं झाकण उघडा.